तोच डबा

बंद गाडीचं दार बऱ्याच दिवसांनी उघडलं की आधी आतली हवा बाहेर येते, मग आपण आत जातो. त्या हवेला वास असतो, आणि त्या वासावर पहिला संशय घ्यायचा, हे मला पप्पांनी शिकवलं. गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. जळक्या रबराचा आला तर पट्टा घासतोय. भिजून कुजलेल्या गोणपाटासारखा आला तर कार्पेटखाली पाणी आहे, मग वरून गाडी कितीही चकचकीत असू दे.

गेल्या महिन्यात, चोपड्याजवळच्या आमच्या गावी, आबांच्या केळीच्या जुन्या शेडमध्ये पप्पांनी ताडपत्री ओढली आणि त्या काळ्या गाडीचं दार उघडलं. गोणपाटाचा वास आला. त्याखाली, अगदी पुसट, कापूर आणि कातड्याचा. मला एकदम शाळेतले दिवस आठवले. पप्पांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. ते उगाच दाराच्या रबरावरून बोट फिरवत राहिले.

आबा म्हणजे आमच्या गावचे मोठे केळीबागायतदार. पप्पा त्यांचे ड्रायव्हर होते. होते म्हणजे, मी नववीत असेपर्यंत. त्यानंतर पप्पांनी या शेडमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं, आणि का ठेवलं नव्हतं हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. युवराज ड्रायव्हरनं आबांच्या गाडीतला, काचा-कुलपं चालवणारा ओरिजनल डबा धुळ्याला विकला आणि डुप्लिकेट बसवला, असं गाव म्हणत होतं. आबांनीही तसंच मानलं होतं.

आता गाडी विकायची होती. जळगावचा गिऱ्हाईक दुपारी येणार होता. गाडी कुणाच्याच हाताला दाद देईना, तेव्हा आबांनी पप्पांना स्वतः फोन केला. एवढंच म्हणाले, “तुले तिना सभाव मालूम शे.” पप्पा लगेच हो म्हणाले. आईला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, विकताना काही बिघाड निघाला तर खापर फोडायला त्यांना आपलं डोकं हवंय. ती मला म्हणाली, तू सोबत जा आणि डोळे उघडे ठेव. मी जळगावला गाड्यांच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. माझ्या डोळ्यांवर आईचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

पण खरं सांगायचं तर मी आईसाठी आले नव्हते. गाडी एकदा विकली गेली की तो डबा कायमचा जाणार होता. तो जाण्याआधी मला तो पाहायचा होता. पप्पांनी तसं केलं नसेल, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. ‘केलं नाही’ असं ठामपणे मात्र मला कधी म्हणता आलं नव्हतं.

गाडी पहिल्यांदा गावात आली तो उन्हाळा मला आठवतो. परदेशी बनावटीची, काळी, छतावर काच असलेली. आजूबाजूच्या गावांतून लोक काच उघडताना पाहायला येत. खान्देशातलं ऊन असं की दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही, आणि ही काळी गाडी त्या उन्हात तव्यासारखी तापे. पप्पा तिला कडुनिंबाखाली कधीच उभी करत नसत. सावली चांगली, पण निंबोळ्या पडतात, पाखरं बसतात, आणि पाखरांची घाण उन्हात रंग खाते. शेडमध्ये केळीच्या घडांमागे तिची जागा होती. शेडमध्ये केळीच्या चिकाचा वास, ओल्या पाचोळ्याचा वास, आणि त्या सगळ्यात मधोमध नव्या कातड्याचा वास. मला वाटायचं श्रीमंती म्हणजे हाच वास असणार.

पप्पांच्या गाडीबद्दलच्या सगळ्या शिकवणुकीच्या मुळाशी संशय होता. त्यांना कुणी ड्रायव्हिंग शिकवलं असेल, पण संशय घ्यायला त्यांचं ते शिकले. महागडी गाडी एकदम बिघडत नाही, ती आधी कुजबुजते, असं ते म्हणत. सकाळी गाडी बाहेर काढली की ते खाली वाकून फरशी बघत, रात्री कुठे थेंब पडलाय का. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नसत. उन्हातून आलेला माणूस आल्याआल्या आडवा होत नाही, दोन मिनिटं उंबऱ्यात टेकतो, तसं इंजिनला टेकू द्यायचं; नाहीतर आतला टर्बो नावाचा पंखा तेलाशिवाय भाजतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधी घालायचं नाही. आमच्या चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसायचा, तो दाखवून ते म्हणत, हाच थर गाडीच्या पोटात बसतो. सीट पुसायच्या त्या पिळलेल्या सुती फडक्यानं, वाहत्या पाण्यानं कधीच नाही. उंदरांसाठी बॉनेटच्या कडेला ते मलमलीच्या पुरचुंडीत तंबाखूची पानं बांधत. इंजिन तापलं की तो तंबाखूचा वास शेडभर पसरे, आणि केळी भरणारी माणसं हसत म्हणत, युवराजनी गाडी बी तंबाखू चघळस.

सगळ्यात मोठा संशय पार्टवर. धुळ्याला किंवा जळगावला पार्ट घ्यायला गेले की पप्पा आधी खोकं उलटंपालटं करत. छपाई पुसट आहे का, अक्षरं सरळ आहेत का, चिकटपट्टी एकदा निघून पुन्हा लागली आहे का. तेलाच्या डब्याचं झाकण हलतंय असं वाटलं तरी तो डबा परत. टायर घेताना त्याच्या अंगावरचे आकडे वाचून तो कोणत्या साली बनला ते बघत, कारण दुकानात पडून राहिलेलं टायर नवं दिसतं पण आतून सुकलेलं असतं. आणि पार्ट बसवला की रिकामं खोकं ते तिथेच चार ठिकाणी फाडून टाकत. “रिकामं खोकं म्हणजे अर्धा चोर,” असं ते म्हणायचे. चांगल्या खोक्यात कुणीही वाईट माल भरतो. त्या फाडलेल्या खोक्यांचे तुकडे घरी येत, आणि आई त्यांनी चुलीला वारा घालायची. परदेशी अक्षरं लिहिलेल्या त्या पुठ्ठ्याचा वारा मला अजून गालावर आठवतो.

आबांचाही एक नियम होता, आणि तो गाडीपेक्षा जुना होता. ट्रॅक्टरपासून, पाण्याच्या मोटारीपासून चालत आलेला. पार्ट बदलला तर जुना पार्ट मालकाच्या हातात यायला हवा. गॅरेजवाल्यानं नवा बसवला म्हटलं, म्हणून बसवला असं होत नाही. जुना समोर आला तरच नवा आत गेला. म्हणून धुळ्याहून परत आलं की पप्पा वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना पार्ट आबांच्या ओट्यावर ठेवत. ब्रेकचे झिजलेले पॅड, काळं पडलेलं फिल्टर, फाटलेलं रबर. आबा ते हातात घेऊन तोलत, नखानं खरवडत, वास घेत, आणि मग म्हणत, ठीक. मग तो पार्ट शेडच्या कोपऱ्यातल्या गोणीत जायचा. त्या गोणीत तो पडतानाचा आवाज, लोखंडावर लोखंड, मला फार आवडायचा. तो आवाज म्हणजे आजचा दिवस पप्पांचा नीट गेला.

आणि दसरा. आमच्या घरी त्या दिवशी सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जायचं असे. वंदना झाली, खीर झाली की पप्पा तसेच पांढऱ्या कपड्यांत आबांकडे गाडी सजवायला जात, आणि मी त्यांच्या मागे. तोवर शेडमध्ये झेंडूचे ढीग आलेले असत. ट्रॅक्टर, मोटारसायकली, केळी तोडायचे विळे, वजनाचा काटा, सगळ्यांना हळद-कुंकू. शेवटी काळी गाडी. चाकांखाली लिंबं. आबांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, त्या ओवाळायच्या. पप्पा पूजेत नसायचे. आरतीच्या वेळी ते बाजूला उभे राहत, हात मागे बांधून. तसं कुणी त्यांना सांगितलं होतं असं मला आठवत नाही.

मग एका दसऱ्याला पप्पांनी स्वतःसाठी एक काम शोधून काढलं. अक्का ओवाळून झाल्या की ते आत बसून बटण दाबत, आणि छताची काच सावकाश मागे सरकत जाई. अक्का स्टुलावर चढून वरून मूठभर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या सोडत. गाडीच्या डोक्यावर, असं त्या म्हणत. पाकळ्या काचेच्या कडांवरून घरंगळत आत सीटवर पडत. पोरं ओरडत. काच सरकतानाचा तो घूं असा बारीक आवाज, आणि त्या क्षणी सगळ्यांची पप्पांच्या बोटाकडे लागलेली नजर. पुढे दरवर्षी लोक त्याचीच वाट पाहत. अक्का आधीच विचारत, “युवराजभाऊ, काच उघाडशात ना?” पप्पा मान हलवत. सीटवर पडलेल्या पाकळ्या ते दुसऱ्या दिवशी एक एक वेचून काढत, आणि तरी कित्येक आठवडे गाडीत झेंडूचा कडवट वास राही.

त्यानंतर काय आधी आणि काय नंतर, ते मला नीट जुळवता येत नाही. एवढं आठवतं की गाडी विचित्र वागायला लागली. भर दुपारी शेडमध्ये एकटीच हॉर्न वाजवायची. काचा आपोआप खाली यायच्या. केळी भरणाऱ्या बाया म्हणायच्या, गाडीत काहीतरी शिरलंय. अशा गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला, कार्पेटखाली, एक काळा चपटा डबा असतो. काचा, कुलपं, दिवे, सगळं त्याच्या हुकमात. पप्पा गाडी धुळ्याला घेऊन गेले. महामार्गावरच्या एका इलेक्ट्रिशियननं डबा उघडला, वाळवला, आतले जळलेले टाके नव्यानं जोडले आणि तोच परत बसवला. पप्पा दिवसभर त्याच्या शेजारी बसून होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या शर्टाला राळेचा आणि वितळलेल्या कथिलाचा वास होता.

दुसऱ्या सकाळी ते आबांच्या ओट्यासमोर उभे राहिले, आणि त्यांच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी नव्हती.

आबांनी विचारलं, “जुना कोठे शे?”

“जुना नही शे, आबा. तोच शे. दुरुस्त कया.”

आबा हसले होते तेव्हा. “डबा कधी दुरुस्त व्हस का?” मग ते गाडीपाशी गेले, कार्पेट उचलायला लावलं, आणि डब्याच्या झाकणावरचं सील तुटलेलं आणि लेबल खरवडलेलं पाहिलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या दिवसांनी गाडी पुन्हा एकटी हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा निरोप आला, उद्यापासून येऊ नको.

पप्पा केळीची पिकअप चालवायला लागले. चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांचं नाव ओरिजनल पडलं. ते आले की कुणीतरी टपरीवाल्याला सांगायचं, “ओरिजनलले ओरिजनल दूध टाक रे, पावडर नको.” पप्पाही हसायचे. मला त्या हसण्याचाच संशय यायचा. ज्यानं काही केलं नाही तो इतका शांत कसा राहील? शाळेतून येताना मी वेगळ्या रस्त्यानं यायचे. घरी कुणी त्याबद्दल बोलत नसे. नवं काहीही घरात आलं, आईची साडी असो की माझी सायकल, की मी आधी मनात हिशेब लावायचे, हे कुठून आलं असेल. बापाकडे असं पाहत मोठं होणं कसं असतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

तर गेल्या महिन्यात, शेडमध्ये. पप्पांनी बॅटरी जोडली, टायरमध्ये हवा भरली, बरेच महिने उभ्या राहिलेल्या टायरचा तळ चपटा झालाय का ते गाडी पुढेमागे ढकलून पाहिलं. तेलाची काडी काढून बोटांत चोळली. सगळं पूर्वीसारखंच, त्याच क्रमानं. मी म्हणाले, कार्पेट उचलूया. ते म्हणाले, राहू दे. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी हवेचा पंप गुंडाळायला घेतला आणि म्हणाले, “वरवरचं पाहून घे. आत हात घालू नको. विकायची गाडी आहे.”

जो माणूस फरशीवरच्या एका थेंबासाठी ओणवा होतो, तो म्हणतो आत पाहू नको.

मी ऐकलं नाही. दाराची खालची पट्टी काढली, कार्पेट मागे दुमडलं. खालचा फोम भिजून काळा पडला होता. त्यात तो डबा. जळगावला ज्या वर्कशॉपमध्ये मी प्रशिक्षण घेते तिथून मी तपासणीचं छोटं यंत्र मागून आणलं होतं. स्टिअरिंगखाली एक खाच असते तिथे ते जोडतात. अशा डब्याच्या पोटात गाडीचा चेसिस नंबर नोंदलेला असतो. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा त्यात जो नंबर घातला, तो डब्याबरोबर राहतो. दुसऱ्या गाडीचा डबा असेल तर नंबर दुसरा येतो, आणि बनावट डब्यात बहुतेक वेळा काहीच येत नाही. यंत्राच्या पडद्यावरचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं. पप्पा शेडबाहेरच्या नळावर हात धूत होते. इतके हात मळले नव्हते त्यांचे.

नंबर आला. मी तो समोरच्या काचेच्या कोपऱ्यातल्या पट्टीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग यंत्र काढून, पुन्हा जोडून, परत ताडला. मग बॉनेट उघडून पत्र्यावर ठोकलेल्या नंबराशी. एकच होता.

मी पप्पांना हाक मारून सांगितलं की डबा याच गाडीचा आहे. ते हात पुसत आले आणि म्हणाले, “मला माहीत आहे.” त्यात ना आनंद होता ना राग. मला थोडी लाज वाटली, पण संशय पूर्ण गेला नाही, कारण मग आत पाहू नको असं का म्हणाले?

पाणी कुठून आलं ते शोधायचं बाकी होतं. छताला काच असलेल्या गाडीत काचेभोवती एक पन्हाळ असते. धुण्याचं, पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, छत पेलणाऱ्या खांबांच्या आतून, गाडीखाली पडतं. त्या नळ्या वर्षातून एकदा तरी पाहायच्या असतात, हे गाडीचे मालक सहसा विसरतात. काच उघडून कोपऱ्यात थोडं पाणी ओतायचं आणि ते चाकापाशी खाली पडतं का बघायचं, इतकं सोपं असतं. मी ओतलं. तीन कोपऱ्यांतून पाणी खाली आलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यात ते तुंबून राहिलं, आणि मग हळूच आत, खांबाच्या कडेनं उतरून कार्पेटवर टपकलं. थेट डब्याच्या दिशेनं.

अशा वेळी हवेच्या पंपानं फुंकायचं नसतं; नळी आतल्या आत निसटते, आणि मग अख्खं छत उतरवावं लागतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी आबांच्या शेडमध्ये होतीच. ती मी हळूहळू, गोल फिरवत, नळीत सरकवली. खाली पप्पा वाकून बसले होते. आधी काळं पाणी आलं. मग गाळ. मग त्या गाळात तांदूळ. काळपट, फुगलेले, पण तांदूळच, आणि त्यांना चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा.

पप्पांनी तो हातावर घेतला. त्यांना नवल वाटलं नाही, ते मी पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

त्यांनी थांबत थांबत सांगितलं. पिकअप घेऊन धुळ्याला गेले असताना तोच इलेक्ट्रिशियन भेटला होता. तशीच दुसरी एक गाडी त्याच्याकडे आली होती, तिच्या नळीत पिंपळाची पानं निघाली होती. ते ऐकताक्षणी पप्पांना स्वतःचं बोट आणि ते बटण दिसलं. मी विचारलं, मग आबांना येऊन का सांगितलं नाही. चोर म्हणवून का घेतलं.

“काय सांगणार होतो? तुमच्या दसऱ्याच्या अक्षतांनी गाडी गेली?” ते हातातल्या लगद्याकडे बघत म्हणाले. “मी सांगायचं हे, मी? लोक म्हणाले असते, बघा, आता हा आमच्या पूजेवर ढकलतोय. चोर एकट्यापुरता असतो. ते आपल्या सगळ्या मोहल्ल्यावर गेलं असतं.”

मी नायलॉनची दोरी गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात आबा आले. मागोमाग अक्का, चहाचे कप घेऊन. आबा आता काठी टेकत चालतात, पण नजर तशीच. त्यांनी पप्पांचा तळहात पाहिला, दुमडलेलं कार्पेट पाहिलं, माझं यंत्र पाहिलं. मी भीत भीत सगळं सांगितलं, नंबराचंही. आबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, यंत्रात काय, कुणी घालील तो नंबर येईल. आणि तांदळाच्या दाण्यांना काठीनं ढोसत त्यांनी विचारलं, “हाई तुमीच लयनात ना घरून?”

मी पुढे होऊन बोलणार होते. बोलल्या त्या अक्का. त्यांनी कप बॉनेटवर ठेवले, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “तांदूळ मना हातना शेतस. दर साली मीच टाकेल शेतस. याले काय इचारतस?”

“काच मी उघाडेल व्हती, अक्का,” पप्पा म्हणाले. “चूक मनी बी शे.”

दोघंही आपापल्या अंगावर घेत होते, आणि आबा मधे उभे होते. चोर शोधायला आलेल्या माणसाला दोन-दोन चुकलेली माणसं मिळाली आणि चोर एकही नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या पार्टच्या गोणीकडे पाहिलं, मग डब्याकडे. माफी वगैरे काही नाही. चहा मात्र पप्पांच्या हातात त्यांनीच दिला.

गिऱ्हाईक दुपारी आला. गाडी आम्ही उन्हात काढली होती. पांढरा शर्ट घातलेला, बारीक डोळ्यांचा माणूस. त्यानं पत्र्यावर सगळीकडे बोटानं टकटक केलं. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले, कारण पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर डागाची रेघ राहते. चहा नाकारला. आबा त्याच्याशी शहरी मराठीत बोलत होते, सावकाश, शब्द निवडत. शेवटी तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, “काही उघडलेलं, बदललेलं? सगळं ओरिजनल आहे ना?”

त्या शब्दावर माझं लक्ष पप्पांकडे गेलं. ते बॉनेटपाशी उभे होते. आबा सहज हो म्हणून गेले असते. विकणारा माणूस तेच म्हणतो. ते काठीवर दोन्ही हात ठेवून थांबले आणि म्हणाले, “त्याले इचारा.”

गिऱ्हाईकानं पप्पांकडे वळून पाहिलं. पप्पांनी घसा साफ केला. त्यांनी नळीचं सांगितलं, भिजलेल्या फोमचं सांगितलं. फोम बदलल्याशिवाय वास जाणार नाही, आणि डबा एकदा उघडून दुरुस्त केलेला आहे, हेही. “बदललेला नाही. तोच आहे.”

माणूस हसला. उघडलेला डबा तोच आहे हे कोण मानणार, असं काहीसं म्हणाला, आणि ड्रायव्हर लोकांचं आपल्याला माहीत आहे, असंही.

आबांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. “तो म्हनस तोच शे,” ते म्हणाले, “म्हंजे तोच शे. तुमाले पटत नसीन तर गाडी राहू द्या.”

गिऱ्हाईक फोन करतो म्हणून निघून गेला. त्याचा फोन अजून आलेला नाही. आबा ते मनापासून म्हणाले, की परक्या माणसानं आपल्या दारात येऊन संशय घेतला म्हणून चिडून म्हणाले, हे मला सांगता येत नाही. त्यांच्याकडे मी अजून बारीक नजरेनंच बघते. सवय आहे.

पप्पा बॉनेट लावायला वळले. अशा गाडीचं बॉनेट आपटायचं नसतं. थोडं उंचीवरून सोडायचं आणि मग दोन्ही तळव्यांनी दाबायचं, खट् असा आवाज येईपर्यंत. आवाज आला. त्यांनी हात उचलले नाहीत. पत्रा तापलेला होता, आणि त्यांचे तळवे भाजत असणार, हे मला दिसत होतं.